वार्टबुर्गचा किल्ला : ग्रंथ जाळणारे, ग्रंथ छाटणारे आणि आपण

दरवर्षी २५ डिसेंबर जवळ आला, की मनुस्मृती दहन दिनाच्या पोस्टखाली एक ठरावीक प्रश्न येऊन पडतो. "पुस्तके तर हिटलरच्या लोकांनीही जाळली होती. मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?" विचारणारा बहुधा स्वतःला उदारमतवादी समजत असतो. आमचे तरुण कार्यकर्ते या प्रश्नावर दोन प्रकारे वागतात. काही जण चिडून तोंड सोडतात, काही जण गप्प बसतात. दोन्हींनी प्रश्न सुटत नाही. जर्मनीचा दाखला देऊन प्रश्न विचारला गेला असेल, तर जर्मनीच्या इतिहासात शिरूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे, असे आम्हाला वाटते. आणि हा इतिहास वाचायला घेतला, की १९३३ च्या बर्लिनपाशी थांबता येत नाही. तो आपल्याला तिथून ११६ वर्षे मागे, एका डोंगरावरच्या किल्ल्याकडे घेऊन जातो.

त्या किल्ल्याचे नाव वार्टबुर्ग. जर्मनीच्या मध्यभागी थुरिंगिया प्रांत आहे. तिथल्या आयझेनाख गावाच्या डोक्यावर, सुमारे २०० मीटर उंचीवर हा किल्ला उभा आहे. १९९९ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पर्यटक तिथे जातात, फोटो काढतात, खाली उतरतात. पण या एका किल्ल्याच्या नावाशी ग्रंथांचे तीन प्रसंग जोडलेले आहेत. एकदा इथे ग्रंथ लोकांच्या भाषेत आला. एकदा त्याच्या शेजारच्या टेकडीवर ग्रंथांची होळी झाली. आणि एकदा, इथेच स्थापन झालेल्या एका संस्थेने ग्रंथावर कात्री चालवली. हे तिन्ही प्रसंग नीट समजून घेतले, तर वरच्या प्रश्नाचे उत्तर तर मिळतेच, पण आपल्याला स्वतःलाही विचारावे लागतील असे काही प्रश्न मिळतात.

गड कुणाचा?

किल्ल्याची जन्मकथाच मोठी बोलकी आहे. लुडविग नावाचा एक सरदार १०६७ साली शिकार करत या डोंगरावर आला आणि त्याला जागा आवडली, असे दंतकथा सांगते. जागा त्याची नव्हती. मग त्याने आपल्या मुलखातली माती रातोरात वाहून आणून डोंगरावर पसरली आणि आपल्या बारा सरदारांना त्या मातीत तलवारी रोवायला लावल्या. वाद उभा राहिला तेव्हा त्या बाराही जणांनी शपथ घेतली, की आमच्या तलवारी आमच्या धन्याच्याच मातीत उभ्या आहेत. म्हणजे शपथ खरी आणि मालकी खोटी! ही कथा आहे, इतिहास नाही. किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख १०८० सालचा आहे. पण सरंजामदारांनी स्वतःच्या कौतुकासाठी सांगितलेल्या कथेतसुद्धा जमीन कशी बळकावली जाते हे लपत नाही. ती माती डोक्यावरून वाहणारे कोण होते, त्यांची नावे काय, हे मात्र कथेत कुठेच नाही. बारा सरदारांच्या तलवारी तेवढ्या लक्षात राहिल्या.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्याने किल्ल्यावर राजवाडा बांधला. जाड दगडी भिंती, अर्धगोल कमानींच्या रांगा, खांबांच्या माथ्यावर कोरलेले पशुपक्षी. त्या काळातल्या जर्मन राजवाड्यांपैकी इतका चांगला टिकलेला दुसरा क्वचितच सापडेल. हेर्मान पहिला हा इथला राजा कवींचा आश्रयदाता होता. वाल्टर फॉन डेर फोगेलवाइडे आणि वोल्फ्राम फॉन एशेनबाख हे त्या काळचे सर्वांत मोठे जर्मन कवी त्याच्या दरबारात राहून गेले. त्यावरूनच पुढे 'गायकांच्या युद्धाची' दंतकथा तयार झाली. १२०६ च्या सुमारास वार्टबुर्गवर सहा कवींची स्पर्धा लागली, राजाची सर्वांत चांगली स्तुती कोण करतो यावर, आणि अट अशी, की हरेल त्याचे डोके उडवायचे. दरबारी कला म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या आम्हाला तरी माहीत नाही. धन्याची स्तुती करा, आणि ती कमी पडली तर मान द्या.

याच दरबारात १२११ मध्ये हंगेरीच्या राजाची चार वर्षांची मुलगी भावी सून म्हणून आणली गेली. तिचे नाव एलिझाबेथ. १२२१ मध्ये हेर्मानच्या मुलाशी, लुडविग चौथ्याशी, तिचे लग्न झाले. १२२६ च्या दुष्काळात नवरा बाहेरगावी असताना तिने कोठारे उघडून धान्य वाटले, किल्ल्याच्या पायथ्याशी रुग्णालय काढले आणि स्वतः रोग्यांची सेवा केली. पुढच्याच वर्षी धर्मयुद्धाला निघालेला नवरा वाटेत मेला. तिने किल्ला सोडला, मारबुर्गला जाऊन पुन्हा रुग्णालय उभारले आणि १२३१ मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. चार वर्षांत चर्चने तिला संतपद दिले.

तिच्याबद्दल एक चमत्कार सगळीकडे सांगितला जातो. ती टोपलीत भाकरी झाकून गरिबांकडे निघाली होती, वाटेत तिला अडवून विचारले गेले, झाकण काढले तर भाकरीच्या जागी गुलाबाची फुले! ही कथा आज किल्ल्याच्या भिंतीवर रंगवलेली आहे. पण तिच्या दासींनी चर्चच्या चौकशीत तिच्याबद्दल दिलेल्या जबान्या आजही उपलब्ध आहेत. त्यांत वेगळीच एलिझाबेथ दिसते. राजवाड्यातल्या ताटात आलेले अन्न रयतेकडून अन्यायाने वसूल केलेल्या उत्पन्नाचे आहे का, याची ती चौकशी करत असे. तसे असेल तर भरल्या पंगतीत ते खात नसे, प्रसंगी उपाशी राहत असे. दासींनी सांगितलेली ही गोष्ट आम्हाला गुलाबाच्या चमत्कारापेक्षा कितीतरी मोठी वाटते. भाकरीची फुले झाली, की भाकरीचा प्रश्नच मिटतो. अन्न कुठून आले हे विचारले, की राजवाड्याचा पाया हलतो. भिंतीवर काय रंगवायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांनी फुले निवडली. संतांच्या चरित्रांत चमत्कार घुसडून त्यांचे बंड पुसून टाकण्याचा हा धंदा आपल्याला नवीन नाही.

ग्रंथ लोकभाषेत आला

आता सर्वांत प्रसिद्ध प्रसंगाकडे येऊ. मार्टिन ल्यूथर हा विटेनबर्ग विद्यापीठातला प्राध्यापक आणि भिक्षू. पैसे घेऊन पापमुक्तीची पत्रे विकणाऱ्या चर्चविरुद्ध त्याने १५१७ मध्ये आवाज उठवला. पोपने त्याला बहिष्काराची धमकी देणारे आज्ञापत्र काढले, तेव्हा १० डिसेंबर १५२० रोजी विटेनबर्गच्या वेशीबाहेर त्याने ते आज्ञापत्र आणि चर्चच्या कायद्याचे ग्रंथ जाळले. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे. १५२१ च्या एप्रिलमध्ये वर्म्सच्या राजसभेत बादशहासमोर त्याने माघार घ्यायला नकार दिला. त्याचा जीव धोक्यात आला. तेव्हा सॅक्सनीचा राजा फ्रेडरिक याने परतीच्या वाटेवर त्याचे खोटे अपहरण घडवून आणले आणि ४ मे १५२१ रोजी त्याला वार्टबुर्गवर आणून लपवले. दाढी वाढवून, सरदाराचा वेश करून, 'युंकर यर्ग' या खोट्या नावाने तो १ मार्च १५२२ पर्यंत तिथे राहिला.

त्या दहा महिन्यांतल्या शेवटच्या सुमारे अकरा आठवड्यांत त्याने बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमधून जर्मनमध्ये आणला. सप्टेंबर १५२२ मध्ये तो विटेनबर्गला छापून निघाला. चित्रकार लुकास क्रानाखच्या छापखान्यातली लाकडी ठशांची चित्रे त्यात होती. पहिली आवृत्ती हातोहात संपली आणि डिसेंबरमध्ये दुसरी काढावी लागली. जर्मन भाषेत बायबल त्याआधीही छापले गेले होते, ते लॅटिनवरून. ल्यूथरने मूळ भाषेवरून भाषांतर केले आणि घरातली बाई, गल्लीतली पोरे, बाजारातला माणूस कसा बोलतो हे ऐकून वाक्ये रचली. आजच्या प्रमाण जर्मन भाषेच्या घडणीत या ग्रंथाचा फार मोठा वाटा आहे.

या घटनेचे मोल बाबासाहेबांनी ओळखले होते. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती व्हावी लागते हे सांगताना त्यांनी युरोपातील राजकीय मुक्तीच्या आधी झालेल्या ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा दाखला दिला आहे. त्याच ओळीत बुद्ध आणि चंद्रगुप्त, संत आणि शिवाजी महाराज, नानक आणि शीख यांची उदाहरणे येतात. आणि भाषेचा मुद्दा तर आपल्या परंपरेत ल्यूथरच्या दोन हजार वर्षे आधीचा आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन वैदिकांच्या छंदस् भाषेत बांधण्याची परवानगी मागितली, तेव्हा तथागतांनी त्यांना फटकारले आणि ज्याने त्याने आपापल्या बोलीत धम्म शिकावा असे सांगितले. ज्ञान कोणत्या भाषेत बंद करायचे हे ठरवणारा वर्ग आणि त्या ज्ञानाच्या जोरावर इतरांना पापी किंवा अपवित्र ठरवणारा वर्ग एकच असतो. लॅटिन असो वा संस्कृत.

पण म्हणून ल्यूथरला डोक्यावर घेऊन नाचायचे का? नाही. इथेच थांबलो तर आपणही भक्तच झालो.

ज्यांनी तो ग्रंथ खरा मानला

ग्रंथ हातात आल्यावर शेतकऱ्यांनी तो वाचला, ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी ऐकला. १५२५ मध्ये मेमिंगेन या गावी शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्या लिहून काढल्या. आमचा धर्मगुरू आम्ही निवडणार, वेठबिगार कमी करा, जंगल आणि नदी सगळ्यांची आहे, आणि ख्रिस्ताने सर्वांनाच मुक्त केले असेल तर आम्ही कुणाचे गुलाम राहणार नाही. प्रत्येक मागणीला त्यांनी बायबलचा आधार दिला होता. ल्यूथरने सुरुवातीला दोन्ही बाजूंना समजुतीचे चार शब्द सांगितले. बंड पेटल्यावर मात्र त्याने लुटारू आणि खुनी शेतकऱ्यांच्या टोळ्यांविरुद्ध एक पुस्तिका लिहिली आणि त्यांना ठार मारण्याचे आवाहन राजांना केले. १५ मे १५२५ रोजी फ्रांकेनहाउसेनला, याच थुरिंगियात, शेतकऱ्यांची कत्तल झाली. त्यांचा नेता थॉमस म्युंट्झर पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला. देवासमोर सगळे समान, पण जमीनदारासमोर नाही, हा ल्यूथरच्या क्रांतीचा हिशेब होता. आयुष्याच्या शेवटी, १५४३ मध्ये, याच ल्यूथरने ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळा असे सांगणारे विषारी पुस्तक लिहिले. चारशे वर्षांनी नाझींना ते आयतेच सापडले.

वार्टबुर्गवर ल्यूथरची खोली आजही दाखवतात. तिथे सैतान त्रास द्यायला आला तेव्हा ल्यूथरने त्याच्यावर शाईची दौत फेकली, अशी कथा पसरली आणि भिंतीवर शाईचा डागही दाखवला जाऊ लागला. भाविक त्या डागाचे पोपडे खरवडून नेत, आणि डाग पुन्हा रंगवला जाई. ल्यूथर बसायचा ते टेबल भक्तांनी तुकडे काढून काढून संपवले. अवशेषांची पूजा बंद करा म्हणणाऱ्या माणसाच्या टेबलाचे अवशेष झाले! मूर्तिभंजकाची मूर्ती कशी होते हे पाहायला आपल्याला जर्मनीपर्यंत जायची गरज नाही. पण पाहिले तर शहाणपण येते.

त्याच किल्ल्याच्या दक्षिण बुरुजात एक अंधारकोठडी आहे. तिला दार नाही. वरच्या मजल्याच्या जमिनीला असलेल्या भोकातून कैद्याला दोराने खाली उतरवत. फ्रिट्झ एर्बे नावाचा हेर्डा गावचा शेतकरी या कोठडीत १५४० पासून १५४८ पर्यंत होता. त्याचा गुन्हा काय? तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करायला त्याने नकार दिला. समज आल्यावर माणसाने स्वतः धर्म स्वीकारावा, जन्माने लादला जाऊ नये, असे मानणाऱ्या पंथाचा तो होता. १५३३ मध्ये त्याला पकडून आधी आयझेनाखच्या बुरुजात ठेवले. तिथे रात्री लोक येऊन बुरुजाखाली उभे राहून त्याच्याशी बोलू लागले, म्हणून त्याला वर किल्ल्यावर हलवले. त्याने शेवटपर्यंत माघार घेतली नाही आणि तो तिथेच मेला. त्याला कैदेत टाकणारे राज्य पोपचे नव्हते. ते ल्यूथरच्या अनुयायांचे होते. ज्या गडाने १५२१ मध्ये एका बंडखोराला आसरा दिला, त्याच गडाने १९ वर्षांनी दुसऱ्या बंडखोराला गाडले. १९२५ मध्ये त्या कोठडीच्या भिंतीवर खरवडलेली अक्षरे सापडली. ते त्याचेच नाव होते.

वर ल्यूथरचा शाईचा डाग, जो खोटा असूनही जपला गेला. खाली एर्बेचे नाव, जे खरे असूनही सुमारे ३८० वर्षे कुणाला दिसले नाही. धर्म जन्माने मिळू नये, जाणतेपणी स्वीकारावा, हे म्हणणे काय आहे ते १४ ऑक्टोबर १९५६ चा वारसा सांगणाऱ्यांना वेगळे समजावून सांगायला नको. हा शेतकरी आम्हाला आमच्या घरातला वाटतो.

१८१७ ची होळी

आता होळीचा प्रसंग. १८ ऑक्टोबर १८१७ रोजी सुमारे ५०० विद्यार्थी वार्टबुर्गवर जमले. धर्मसुधारणेला ३०० वर्षे झाली होती आणि नेपोलियनचा पराभव करणाऱ्या लाइपझिगच्या लढाईला चार. तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हता, तीसचाळीस लहानमोठी संस्थाने होती. एक देश, राज्यघटना, भाषणस्वातंत्र्य आणि कायद्यापुढे समानता या मागण्या याच चळवळीतून आल्या. आजच्या जर्मन झेंड्याचे काळे, लाल, सोनेरी रंगही या विद्यार्थी संघटनांमधून पुढे आले. म्हणजे हे विद्यार्थी राजेशाहीला घाबरवणारे, त्या काळचे पुरोगामी होते.

रात्री शेजारच्या टेकडीवर शेकोटी पेटली. ल्यूथरने पोपचे आज्ञापत्र जाळले तशी आपणही जुलमाची प्रतीके जाळू, असे म्हणून काही विद्यार्थ्यांनी रद्दी कागदाच्या गठ्ठ्यांवर पुस्तकांची नावे लिहून ते आगीत टाकले. पोलिसी कायद्याचे ग्रंथ होते, राजेशाहीचे गोडवे गाणारी पुस्तके होती, सैनिकांना मारायची छडीही होती. इथपर्यंत समजण्यासारखे आहे. पण त्याच आगीत नेपोलियनचा नागरी कायदा गेला. स्त्रियांच्या बाबतीत तो कायदा मागासच होता, पण जन्मावरचे विशेषाधिकार त्याने मोडले होते आणि फ्रेंच अमलातल्या प्रदेशात त्याच राजवटीबरोबर ज्यूंना नागरिकत्वाचे समान हक्क आले होते. आणि त्याच आगीत साउल आशर या बर्लिनच्या ज्यू लेखकाचे पुस्तक गेले. राष्ट्रवादाच्या नावाखाली जर्मनपणाचे वेड पसरते आहे, ज्यूंना परके ठरवले जाते आहे, असा इशारा त्याने त्या पुस्तकात दिला होता. विद्यार्थ्यांनी पुस्तक जाळून त्याचा इशारा खरा करून दाखवला. आशरने १८१८ मध्ये या सोहळ्यावरच पुस्तिका लिहून उत्तर दिले. आणि काही वर्षांतच या विद्यार्थी संघटनांमध्ये ज्यूंना प्रवेश नाकारण्याचे ठराव होऊ लागले.

१० मे १९३३ ला नाझी विद्यार्थी संघटनांनी बर्लिनमध्ये आणि इतर विद्यापीठांच्या गावांत पुस्तके जाळली, तेव्हा त्यांनी १८१७ च्या वार्टबुर्गचाच वारसा सांगितला.

रंगवलेला मध्ययुग

किल्ला तोवर मोडकळीला आला होता. गटे हा महाकवी १७७७ मध्ये इथे राहून चित्रे काढून गेला होता. १८३८ पासून वायमारच्या राजघराण्यातल्या कार्ल अलेक्झांडरने किल्ल्याची दुरुस्ती मनावर घेतली. पुढची पन्नास वर्षे काम चालले. वास्तुरचनाकार हुगो फॉन रिटगेन याने मुख्य बुरूज १८५० च्या दशकात जवळजवळ नव्याने बांधला आणि त्यावर सोनेरी क्रॉस चढवला. मोरित्स फॉन श्विंड या चित्रकाराने १८५४-५५ मध्ये राजवाड्याच्या भिंतींवर राजांच्या कथा, गायकांचे युद्ध आणि एलिझाबेथच्या आयुष्यातील प्रसंग रंगवले. गुलाबांचा चमत्कार इथेच आहे. अन्यायाचे ताट बाजूला सारणारी एलिझाबेथ त्या सहा प्रसंगांत नाही. पुढे १९०२ ते १९०६ या काळात कैसर विल्हेल्मच्या देणगीतून एलिझाबेथच्या नावाच्या दालनात काचेच्या लाखो तुकड्यांचे झगमगते चित्रकाम बसवले गेले.

म्हणजे आज पर्यटक ज्याला मध्ययुगीन किल्ला म्हणून पाहतात, त्यातला बराच भाग एकोणिसाव्या शतकाने कल्पिलेले मध्ययुग आहे. कलेच्या दृष्टीने त्याचा प्रभाव अफाट पडला. रिचर्ड वाग्नरने गायकांच्या युद्धावरून 'टानहॉयझर' हा ऑपेरा केला, तो १८४५ मध्ये ड्रेस्डेनला रंगमंचावर आला. फ्रान्झ लिस्टने एलिझाबेथच्या आख्यायिकेवर संगीतरचना केली, ती १८६७ मध्ये किल्ल्याच्या ८०० व्या वर्धापनदिनी वार्टबुर्गवरच सादर झाली. त्याच वर्षी बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा किल्ला पाहून गेला आणि त्याने आपल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यात इथल्यासारखेच गायकांचे दालन बांधायला घेतले. त्या किल्ल्यावरून डिस्नेने आपला परीकथेतला किल्ला घेतला. तलवारी रोवून बळकावलेल्या डोंगराची गोष्ट आज लहान मुलांच्या सिनेमाच्या बोधचिन्हापर्यंत अशी पोहोचली आहे.

श्विंडचे रंग सुंदर आहेत, वाग्नरचे संगीत थोर आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण याच वाग्नरने १८५० मध्ये संगीतातल्या ज्यूंविरुद्ध द्वेषाचा निबंध लिहिला, हेही सांगितले पाहिजे. भूतकाळ रंगवताना ज्याला त्यातून वगळले जाते, त्याला पुढे देशातूनही वगळता येते.

कात्री

१९३८ मध्ये नाझींनी बुरुजावरचा क्रॉस उतरवून तिथे आपले चिन्ह चढवले. लोक नाराज झाल्यावर क्रॉस परत आला. पण खरे काम चिन्ह बदलण्याचे नव्हते. ६ मे १९३९ रोजी वार्टबुर्गवर समारंभपूर्वक एक संस्था स्थापन झाली. जर्मन चर्चच्या जीवनावरील ज्यू प्रभावाचे संशोधन आणि निर्मूलन, हे तिच्या नावातच लिहिले होते. ती हिटलरने नव्हे, प्रॉटेस्टंट प्रांतिक चर्चेसनी काढली होती. वाल्टर ग्रुंडमान हा प्राध्यापक तिचा वैचारिक प्रमुख होता. येशू ज्यू नव्हताच, हे 'सिद्ध' करण्यात त्याने विद्वत्ता खर्ची घातली. १९४० मध्ये या संस्थेने नव्या कराराची नवी आवृत्ती काढली. त्यातून ज्यू संदर्भ छाटलेले होते. प्रार्थनागीतांवरही अशीच कात्री चालली.

ज्या गडावर ल्यूथरने ग्रंथ लोकांच्या भाषेत आणला, त्याच गडावर जन्मलेल्या संस्थेने तोच ग्रंथ छाटून पुन्हा लोकांच्या हातात दिला. एकही प्रत जाळावी लागली नाही. कव्हर तेच, देव तोच, आतला माणूस बदलला. आणि युद्ध संपल्यावर ग्रुंडमान पूर्व जर्मनीतल्या चर्चमध्ये पुन्हा मानाने काम करत राहिला. आयझेनाखमध्ये चर्चने आपली चूक कबूल करणारे स्मारक उभारले, त्याला २०१९ साल उजाडले.

मग उत्तर काय?

आता त्या पोस्टखालच्या प्रश्नाकडे येऊ. ग्रंथ जाळला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तीन गोष्टी विचाराव्या लागतात. जाळणारा कोण आणि सत्ता कुणाकडे? जाळले ते काय, जुलमाचा कायदा की जुलमाविरुद्धचा आवाज? आणि आग विझल्यावर काय झाले?

१९३३ मध्ये सत्ता जाळणाऱ्यांच्या पाठीशी होती. जाळले गेले ते ज्यू, समाजवादी, लोकशाहीवादी लेखक. आग विझल्यावर ते लेखक तुरुंगात किंवा परदेशात गेले, आणि पुढे माणसेच जाळली गेली. महाडला १९२७ मध्ये जाळणाऱ्यांना तळ्याचे पाणीही मिळत नव्हते. परिषदेला जागा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने दिली होती. जाळले ते शूद्र आणि स्त्री यांना माणूसपण नाकारणारे कायद्याचे पुस्तक. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, म्हणजे राग जातीच्या माणसांवर नव्हता, ग्रंथावर होता. आणि आग विझल्यावर? कुणाचा जीव गेला नाही, कुणाचे ग्रंथालय लुटले गेले नाही. मनुस्मृती आजही दुकानात मिळते. बाबासाहेबांनी ती स्वतः अभ्यासली, तिच्यावर पानेच्या पाने लिहिली, आणि २३ वर्षांच्या आत समतेची राज्यघटना देशात लागू झाली. महाडची जर्मनीशी तुलना करायचीच असेल, तर १९३३ च्या बर्लिनशी नव्हे, १५२० च्या विटेनबर्गशी करा. बहिष्कृत ठरवणारी आज्ञा बहिष्कृताने जाळली, हे दोन्हीकडे सारखे आहे.

पण मित्रहो, उत्तर मिळाले म्हणून आपली सुटका होत नाही. १८१७ ची होळी आपल्यासाठीच आहे. ते विद्यार्थी स्वातंत्र्य मागत होते आणि त्याच हातांनी त्यांनी आपल्यातल्या सर्वांत एकट्या माणसाचे पुस्तक आगीत टाकले. चळवळ पुरोगामी आहे, एवढ्याने तिचा प्रत्येक गठ्ठा योग्य ठरत नाही. आपल्या चळवळीतही प्रश्न विचारणारी बाई, वेगळ्या मताचा कार्यकर्ता, लहान जातीतला सहकारी यांना आपण कोणत्या शेकोटीत टाकतो, हे तपासले पाहिजे. आणि फ्रिट्झ एर्बेची कोठडीही आपल्यासाठीच आहे. कालचा बंडखोर गडावर बसला, की उद्याच्या बंडखोराला तो खाली ढकलू शकतो.

आज आपल्यासमोर जाळण्यापेक्षा छाटण्याचा धोका मोठा आहे. बुद्धाला विष्णूचा नववा अवतार करणे ही जुनी कात्री. 'रिडल्स'मधले राम आणि कृष्णावरचे परिशिष्ट वगळा, ही १९८७-८८ ची मागणी म्हणजे तीच कात्री. तेव्हा भीमसैनिक मुंबईच्या रस्त्यावर उतरले म्हणून ते परिशिष्ट राहिले, शासनाची असहमतीची टीप लागली तरी राहिले. आता मागणीही कुणी करत नाही. २२ प्रतिज्ञा वगळून बाबासाहेबांना हार घातला जातो, मनुस्मृती दहन वगळून महाड सांगितले जाते. कव्हर तेच, फोटो तोच, आतला माणूस बदलला जातो आहे. मूळ ग्रंथ वाचणारा तरुण गावागावात असेल, तरच ही कात्री कुठे चालली हे ओळखता येईल.

रायगडला जाल, देवगिरीला जाल, उद्या संधी मिळाली तर वार्टबुर्गलाही जाल. राजवाडा जरूर बघा, रंगकाम बघा. पण खाली उतरून कोठडीच्या भिंतीवर हात फिरवायला विसरू नका. तिथे कुणीतरी आपले नाव लिहून ठेवलेले असते.

जय भीम!